भरती-ओहोटीच्या पाण्यात पहिल्यांदा कयाक घालताना: नागपूरहून जाणाऱ्यांसाठी

आपण नागपूरचे लोक, पाणी म्हटलं की डोळ्यापुढे अंबाझरी येतो, फुटाळा येतो, फार तर रामटेकजवळचं खिंडसी. ह्या पाण्याचा काठ सकाळी जिथे असतो तिथेच संध्याकाळी असतो आणि थकलं की कयाक वळवायची, परत यायचं, एवढं सोपं. मी पण खिंडसीच्या पाण्यावरच शिकलो, दोन हिवाळे बऱ्यापैकी पॅडल मारलं आणि मग वाटलं की आता समुद्र जमेल. पॅडल मारणं जमलंच, पण पाणी कधी येतं, कधी जातं आणि जाताना किती जोरात जातं हे कळायला तीन ट्रिपा लागल्या, त्यातली एक चांगलीच अंगाशी आली. आता ओळखीतले बरेच जण कोकणात जायचं म्हणून विचारून राहिले, तर सगळं एका जागी लिहून ठेवतो.

एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा: आधी परतीचं पाणी ठरवायचं, मग निघायची वेळ. तलावावर आपण उलटं करतो.

१. नागपूर सोडायच्या आधी

तिकीट काढायच्या आधी इथेच तीन गोष्टी पक्क्या करा. पहिली, कयाक उलटल्यावर बाहेर येणं आणि पाण्यातूनच परत चढणं. हे पोहण्याच्या टाकीत किंवा परवानगी असलेल्या तलावात, लाईफ जॅकेट घालून, सोबत कोणीतरी जाणकार असताना दहा-पंधरा वेळा करा. कयाकच्या बाजूला पोटावर आडवं व्हायचं, पाय मागे पाण्यात जोरात मारायचे, छाती कयाकवर ओढून घ्यायची आणि मगच वळून बसायचं. बरेच जण पाय कयाकच्या खाली जाऊ देतात आणि लटकत राहतात, त्यानं फक्त दम जातो.

दुसरी, जोडीदाराची कयाक तुमच्या कयाकवर आडवी ओढून पाणी काढणं आणि त्याला परत बसवणं. तिसरी, न थांबता दीड तास पॅडल मारणं, तेही खांद्यानं नाही तर कमरेतून अंग फिरवून, नाही तर तासाभरात हात भरून येतात. पोहता येत नसेल तर आधी पोहायला शिका, लाईफ जॅकेट आहे म्हणून चालतं असं समजू नका.

२. भरती-ओहोटी: हा भाग घाईत वाचू नका

दिवसातून दोनदा भरती, दोनदा ओहोटी हे शाळेत भूगोलात झालेलं असतं. दोन भरत्यांच्या मधे साधारण १२ तास २५ मिनिटं जातात, म्हणून रोजची भरती आदल्या दिवसापेक्षा सुमारे ५० मिनिटं उशिरा येते. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाणाची भरती, म्हणजे पाणी चढतंही जास्त आणि उतरतंही जास्त. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, तेव्हा फरक कमी. मुंबई-अलिबागकडे उधाणाला हा फरक चार मीटरच्या वर जातो, मालवणकडे साधारण दोन-अडीच मीटर. चार मीटर म्हणजे केवढं हे बघायचं असेल तर अलिबागचा कुलाबा किल्ला बघा, ओहोटीला लोक चालत जातात, घोडागाडीत बसून जातात आणि काही तासांनी त्याच वाटेवरून बोट चालते.

आता महत्त्वाचं. पाणी सहाही तास सारख्या वेगानं चढत-उतरत नाही. पूर्ण फरकाचे बारा भाग केले तर पहिल्या तासात १ भाग, दुसऱ्यात २, तिसऱ्यात ३, चौथ्यात ३, पाचव्यात २ आणि सहाव्यात १. म्हणजे मधल्या दोन तासांत निम्मं पाणी जातं. फरक चार मीटरचा असेल तर दोन तासांत दोन मीटर, उभ्या माणसाच्या डोक्यावरून जाईल एवढं पाणी तुमच्या खालून निघून जातं.

माझ्या अंगाशी आली ती हीच गोष्ट. रायगडातली एक खाडी, अमावस्येचा दुसरा दिवस, मी आणि माझा मित्र. पावणेएकच्या सुमारास भरती होती. अकराला निघालो, पाणी आत चाललेलं, त्यामुळे पॅडल न मारता पण कयाक पुढे जात होती, इतकं छान वाटलं की तिवराच्या झाडांमधल्या एका बारक्या फाट्यात शिरलो, सावली बघून डबा खाल्ला, फोटो काढले. पावणेतीनला निघालो तेव्हा पाणी उतरायला लागून दोन तास झाले होते, म्हणजे नेमका जोराचा तास सुरू होत होता. फाट्याचं तोंड शंभरेक पावलांवर राहिलं असेल, तोच कयाकचं बूड गाळाला लागलं. मित्र ढकलायला म्हणून खाली उतरला आणि मांडीपर्यंत गाळात गेला. एक सँडल आतच राहिलं, पाय बाहेर काढताना कालवांच्या शिंपल्यांनी पोटरी फाटली, शेवटी त्यानं कयाकवर पोट टाकलं आणि मी त्याला काखेत धरून ओढलं. पंधरा मिनिटांत आमच्या दोन्ही बाजूला पाणी नव्हतंच, नुसता चमकणारा चिखल आणि त्यावर पळणारे छोटे खेकडे.

पाणी उतरताना अडीच तासांनी तुम्ही अडकलात तर पुढच्या भरतीच्या अडीच तास आधीच सुटता, हा हिशोब मी त्या चिखलात बसून शिकलो. आम्ही रात्री साडेदहाला सुटलो. सव्वातीनपासून साडेदहापर्यंत, अर्धी बाटली पाणी, टॉर्च नाही, फोनला रेंज नाही, डास असे की कान झाकून बसावं लागलं. आणि नागपुरात घरी कोणालाच माहीत नव्हतं की आम्ही नेमक्या कोणत्या खाडीत आहोत. पुढच्या यादीत जे जे लिहिलं ते त्या सात तासांत सुचलेलं आहे, म्हणून त्यातलं काही गाळू नका.

३. वेळ कशी काढायची

कोकणात जुना हिशोब आहे, तिथीची पाऊणपट. चतुर्थी म्हणजे ४, त्याची पाऊणपट ३, म्हणून भरती तीनच्या सुमारास. अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ. भरतीपासून सहा तास मोजले की ओहोटी. घरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर तिथी असतेच, त्यामुळे नागपुरात बसून पण कोणता आठवडा बरा हे दोन मिनिटांत कळतं. हा अंदाज मुंबई-अलिबागच्या बाजूला जास्त जुळतो. खाली सिंधुदुर्गात भरती मुंबईच्या आधी येते, तिथे तासाभराचा फरक धरा.

अंदाज आठवडा निवडायला, पाण्यात उतरायची वेळ मात्र तक्त्यावरूनच. भारतीय सर्वेक्षण विभाग दरवर्षी भरती-ओहोटीचे तक्ते काढतो, मोबाईलवर पण अ‍ॅप मिळतात. दोन-तीन ठिकाणी ताडून बघा आणि तक्ता कोणत्या बंदराचा आहे हे नक्की बघा, मुंबईचा तक्ता घेऊन मालवणला गेलेले लोक मी पाहिलेत. खाडीत आत गेलं की भरती तोंडापेक्षा उशिरा पोचते, हेही लक्षात असू द्या.

पहिल्या ट्रिपसाठी दशमी-एकादशीची सकाळ धरा, उधाण अजून लांब असतं. समजा मालवणच्या बाजूला एकादशीला भरती सव्वासातच्या आसपास आहे. उजाडलं की निघा, पाणी शेवटचं थोडं चढत असतं त्याच्याबरोबर आत जा, पाणी थबकलं की वळा आणि उतरत्या पाण्याबरोबर नऊपर्यंत परत या. जोराचा तास सुरू व्हायच्या आधी तुम्ही काठावर असता आणि वारा उठायच्या आधी पण. एक मात्र आहे, उतरतं पाणी तुम्हाला समुद्राच्या दिशेनं नेतं, त्यामुळे तुमची उतरायची जागा चुकली तर थेट खाडीच्या तोंडाकडे जाल. म्हणून जागा तोंडापासून बरीच आत निवडा आणि निघतानाच वळून बघा, पाण्यावरून ती जागा कशी दिसते, कोणतं माड, कोणतं घर, सगळं डोक्यात ठेवा. फोटो काढला तर अजून चांगलं.

४. वारा आणि मोसम

दिवसा समुद्राकडून जमिनीकडे येतात ते खारे वारे, रात्री-पहाटे जमिनीकडून समुद्राकडे जातात ते मतलई वारे. हिवाळ्यात सकाळी किनाऱ्याजवळ पाणी तेलासारखं शांत दिसतं, कारण झाडं आणि टेकड्या आडोसा देतात. नवीन माणूस त्याला भुलून सरळ बाहेर जातो, आडोसा संपतो आणि पाठीवरचा मतलई वारा त्याला अजून बाहेर ढकलत राहतो. जाताना मजा वाटते, वळलं की कळतं. पहिल्या दोन-तीन ट्रिपा खाडीच्या आतच करा, मोकळ्या समुद्रात स्थानिक जाणकाराशिवाय जाऊच नका.

दुपारी वायव्येकडून वारा येतो. तो वारा आणि बाहेर जाणारं ओहोटीचं पाणी समोरासमोर आले की खाडीच्या तोंडाशी आखूड, उभ्या लाटा उठतात, कयाकला त्या सगळ्यात वाईट. तोंडाशी वाळूचा बांध असतो तिथे तर लाटा फुटतातच. ओहोटीला खाडीचं तोंड ओलांडायचं नाही, हा नियम मी तरी कोणासाठी मोडत नाही.

लाटांच्या टोकावर पांढरा फेस सगळीकडे दिसायला लागला की वारा नवीन माणसाच्या हाताबाहेरचा झाला असं समजा. हैदराबादच्या इन्कॉईसचा (समुद्राची माहिती देणारं सरकारी केंद्र) समुद्राचा अंदाज आणि हवामान खात्याचा इशारा आदल्या रात्री आणि सकाळी, दोन्ही वेळा बघा. लांबून येणाऱ्या लाटा वारा नसताना पण येतात, त्यामुळे नुसतं झाडाचं पान हलत नाही म्हणून निघू नका. बंदरावर तीन नंबरचा बावटा, म्हणजे वादळी वाऱ्याचा इशारा, लागला असेल तर विषय संपला, कयाक बाहेरच काढायची नाही.

जून ते ऑगस्ट विसरा. आपल्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, ज्यांचं पोट समुद्रावर आहे ते होड्या वर ओढून बसतात तर आपण काहून जायचं. नोव्हेंबर मध्यापासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ सगळ्यात बरा. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मात्र स्पीडबोटींची इतकी गर्दी असते की शिकणाऱ्यानं टाळावंच.

५. सामान आणि कागदपत्रं

सामान:
- अंगाला घट्ट बसणारं लाईफ जॅकेट. खांद्याला धरून वर ओढून बघा, हनुवटीपर्यंत आलं तर मोठं आहे, बदलून मागा
- जॅकेटलाच बांधलेली शिट्टी
- प्रत्येकी किमान तीन लिटर पाणी आणि थोडं खाणं, ट्रिप दोन तासांची असली तरी
- हेडटॉर्च, सकाळची ट्रिप असली तरी
- वॉटरप्रूफ पाऊचमधे फोन, आणि दुसरा फोन वेगळ्या कंपनीच्या सिमचा
- पायाला घट्ट बसणारे बंद बूट. फ्लोटर आणि चप्पल गाळात राहते
- दहा-बारा मीटर दोरी, पाणी काढायला पंप किंवा कापलेली प्लास्टिकची बाटली, पूर्ण बाह्यांचा शर्ट, टोपी, छोटी औषधांची पेटी

सूर्याचं वेगळं सांगतो. आपण ४५ डिग्रीत राहणारे, त्यामुळे कोकणातला ३२ काहीच वाटत नाही, पण दमट हवेत घाम वाळत नाही आणि पाण्यावरून ऊन परत तोंडावर येतं. तहान लागायच्या आधी पाणी प्या.

कागदपत्रं आणि निरोप:
- आधार कार्ड, मूळ आणि झेरॉक्स
- भाड्यानं कयाक घेत असाल तर त्या माणसाकडे महाराष्ट्र मेरिटाइम बोर्डाची परवानगी आहे का ते विचारा आणि बघा, विचारायला लाजू नका
- सही करायच्या फॉर्ममधे काय लिहिलं ते वाचा
- स्वतःची कयाक असेल तर बिलाची प्रत, आणि जवळच्या बंदर कार्यालयाला व सागरी पोलिसांना आधी कळवणं
- घरी ठेवायचा कागद: कोणत्या गावातून, कोणत्या खाडीत, किती जण, कयाकचा रंग, किती वाजता परत, आणि किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर काय करायचं

ह्या शेवटच्या कागदावर हे नंबर लिहाच: तटरक्षक दल १५५४, सागरी पोलिसांची हेल्पलाईन १०९३, आणि ११२. घरच्या माणसाला समोर बसवून समजावून सांगा. माझ्या आईनं त्या रात्री चार जणांना फोन केले, पण सांगायला तिच्याकडे गावाचं नावच नव्हतं.

६. जायचं कसं, कुठे

समृद्धी महामार्गानं गाडी काढली तर भिवंडीजवळच्या आमणेपर्यंत ७०१ किलोमीटर, पुढे मुंबई, पण रात्रभर गाडी चालवून सकाळी पाण्यात उतरू नका, एक दिवस मधे ठेवा. रेल्वेनं विदर्भ किंवा दुरांतो पकडून मुंबई, पुढे मांडव्याच्या बोटीनं अलिबाग, नाही तर कोकण रेल्वेनं कुडाळला उतरून मालवण. चार-पाच मीटरची कडक कयाक रेल्वेच्या डब्यात नेणं जमत नाही, तिथेच भाड्यानं घ्या. हवा भरायची कयाक बॅगेत येते खरी, पण वाऱ्यात ती पानासारखी उडते, शांत खाडीपुरती ठीक.

नवीन माणसाला मी सिंधुदुर्ग सुचवतो, कारण तिथे पाण्याचा फरक रायगडपेक्षा कमी. तारकर्लीच्या मागची कर्ली नदीची खाडी चांगली, पण देवबागच्या संगमाकडे, जिथे नदी समुद्राला मिळते, तिकडे एकट्यानं जाऊ नका. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवती पाण्याखाली खडक आहेत, तिथला माणूस बरोबर असेल तरच.

७. काठावर पोचल्यावर पहिला अर्धा तास नुसतं बघा

पाण्यात एखादा बांबू किंवा खुंटा रोवलेला असतोच, तो शोधा. पाणी वाहत असेल तर खुंट्याच्या एका बाजूला पाणी थोडं फुगतं आणि दुसऱ्या बाजूला त्याला शेपटी फुटते. शेपटी ज्या दिशेला, त्या दिशेला पाणी चाललं. शेपटी लांब आणि खळखळणारी म्हणजे जोर जास्त, नुसती सुरकुती असेल तर कमी. खुंट्यावर ओला काळा पट्टा बघा, पट्टा पाण्याच्या वर वाढत चालला म्हणजे उतरतंय. नांगरलेल्या होड्यांची तोंडं पण पाण्याच्या येण्याच्या दिशेला असतात, वारा जोराचा नसेल तर. मी तर एक काडी टाकतो आणि ती दहा पावलं जायला किती सेकंद लागतात ते मोजतो. नवीन माणूस ताशी चार-पाच किलोमीटर जातो, काडी तुमच्या चालण्याच्या वेगानं चालली असेल तर उलटं पॅडल मारून तुम्ही जागच्या जागीच राहाल.

आणि तिथल्या माणसाला विचारा. मालवणकडे एका काकांनी मला काठावरूनच सांगितलं, "आता जाव नको, पाण्याक वढ आसा. अर्धो तास थांब." अर्ध्या तासानं गेलो तेव्हा तीच खाडी तलावासारखी होती. ते लोक ओहोटीला सुकती पण म्हणतात, शब्द माहीत असू द्या.

८. पाण्यात

किमान तिघं असा. एकमेकांचा आवाज ऐकू येईल एवढ्याच अंतरावर राहा, सगळ्यात हळू असणारा पुढे. दर वीस मिनिटांनी मागे वळून बघा, येतानाचा रस्ता जातानासारखा दिसत नाही.

प्रवाह ओलांडायचा असेल तर समोरच्या जागेकडे नाक करून निघू नका, खाली वाहत जाल. कयाकचं तोंड प्रवाहाच्या वरच्या बाजूला तिरकं ठेवा आणि तसंच मारत राहा, कयाक सरळ पलीकडे सरकते. समोरचं एक झाड आणि त्याच्या मागचं दुसरं झाड एका रेषेत धरा, रेष तुटली म्हणजे वाहून चाललात.

खुंट्यांना बांधलेली जाळी दिसली की प्रवाहाच्या खालच्या बाजूनं, लांबून जा. वरच्या बाजूनं गेलात तर पाणी तुम्हाला जाळ्यावर नेऊन दाबतं आणि तिथून सुटणं फार अवघड. किनाऱ्यावर रापण, म्हणजे किनाऱ्यावरून दोरीनं ओढायचं मोठं जाळं, ओढणं चालू असेल तर थांबा, दोरी ओलांडू नका, त्यांच्या अख्ख्या दिवसाची कमाई त्यात असते.

उलटलात तर कयाक सोडायची नाही, पॅडल सोडायचं नाही, पोहत काठाकडे निघायचं नाही. कयाक दिसते, तुमचं डोकं दिसत नाही.

मोकळ्या किनाऱ्यावर लाटांतून येत असाल तर लाटा टोळीनं येतात हे बघा, तीन-चार मोठ्या गेल्या की मधे उसंत मिळते, त्यात एका लाटेच्या पाठीवर राहून या. उतरल्यावर कयाक आणि किनारा ह्यांच्या मधे उभं राहू नका, पुढची लाट पाण्यानं भरलेली कयाक तुमच्या गुडघ्यावर आणते. उथळ पाण्यात पाय उचलून टाकू नका, घासत चाला, वाळूत पाकट (शेपटीला विषारी काटा असलेला चपटा मासा) बसलेलं असलं तर ते पळून जातं. काटा लागलाच तर सोसेल इतक्या गरम पाण्यात पाय बुडवा आणि दवाखान्यात जा.

गाळात अडकलात तर खाली उतरू नका. बसून राहा, पाणी वाचवून प्या, रेंज असेल तर फोन करा. आणि उतरावंच लागलं तर कयाकवर अंग टाकून, दोन्ही पायांवर भार न देता.

९. परतल्यावर

आधी घरी फोन. पोचलो एवढंच सांगायचं, बाकी नंतर. ज्यांना ज्यांना कळवलं होतं त्या सगळ्यांना कळवा, नाही तर इकडे तुम्ही मासळीचं जेवण जेवून राहिले आणि तिकडे तुमचा शोध सुरू.

मग गोड्या पाण्यानं सगळं धुवा, लाईफ जॅकेटची बक्कल, टॉर्च, बूट, चेन. खारं पाणी वाळलं की चेन जाम होते आणि नागपुरात येऊन उघडत नाही. अंगावर जिथे जिथे घासलं तिथे पण मीठ राहू देऊ नका.

आणि त्याच संध्याकाळी एका वहीत लिहा: तिथी, तक्त्यात भरती किती वाजता होती, खुंट्याजवळ पाणी खरं किती वाजता थबकलं, वारा कधी उठला. रायगडातल्या त्या खाडीत मी नंतर परत गेलो, वही घेऊन, आणि फाट्याच्या तोंडाशी बसून बघितलं. भरती तक्त्यापेक्षा ३५ मिनिटं उशिरा आली आणि उतरायला लागल्यावर दोन तासांनी फाट्यात गुडघाभर पाणी उरलं. ते पान मी फोटो काढून ठेवलंय, तिकडे जाणार असाल तर मागून घ्या.